प्रतिसाद: कुंपणाची सुटलेली जाळी आणि मालकाची जबाबदारी

परवानगीवाचून आत शिरलेल्याच्या दुखापतीला जागेचा मालक जबाबदार नसतो, असे वर म्हटले आहे. ब्रिटनमध्ये १९२९ च्या ॲडी खटल्याच्या निकालाने मुलांनाही जवळजवळ हाच नियम लावला होता, पण तो पुढे टिकला नाही. १९७२ मध्ये निकाल लागलेल्या हेरिंग्टन खटल्यातला सहा वर्षांचा मुलगा रेल्वेच्या वीज वाहणाऱ्या रुळावर गंभीर भाजला. कुंपणाची जाळी खांबापासून सुटून जमिनीलगत दबलेली होती, लोक ती ओलांडून जात, आणि रुळांवर मुले दिसल्याचे स्टेशनमास्तरला आधीच कळवलेले होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) साध्या माणुसकीच्या कर्तव्यावर बोट ठेवून रेल्वे चालवणाऱ्या बोर्डाला जबाबदार धरले, हे मला पूर्णपणे न्याय्य वाटते, कारण ती जाळी पुन्हा बांधणे अजिबात अवघड नव्हते. जागा ताब्यात असणाऱ्यांच्या जबाबदारीविषयीच्या १९८४ च्या इंग्लंडमधील कायद्याने ही जबाबदारी लेखी झाली.