सिंहगडावरची ती दगडी इमारत कसली?

भटका_कोथरूड: काल गडावर गेलेलो, पुणे दरवाजातून आत आल्यावर उजवीकडे दगडी इमारत आहे ना, भर उन्हात भिंतीला हात लावला तर गारेगार! काय होतं तिथे?

गडप्रेमी: दारूकोठार रे. बंदुकीची, तोफांची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, ओल लागली की पेटतच नाही, आणि आपल्या गडावरचा पाऊस तर माहितीये, त्यात ठिणगीची भीती, म्हणून दगडीच बांधकाम.

सदाशिवपेठकर: ११ सप्टेंबर १७५१ ला त्याच्यावर वीज पडली. फडणीसांचं घर उद्ध्वस्त झालं, घरातली सगळी माणसं गेली. मी तिथे दोन मिनिटं थांबतोच.

भटका_कोथरूड: बापरे. पुढच्या रविवारी लेकीला दाखवतो.