अनुभव धागा : सोप्या इंग्रजीतल्या अभिजात कादंबऱ्या, तुम्ही कुठून सुरुवात केलीत?

मराठी माध्यमातून शिकलेल्या नोकरदारांना मी पुण्यात संध्याकाळी इंग्रजी शिकवते. काळ, कर्तरी-कर्मणी सगळं पाठ असतं, पण एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. ते पहिलं पुस्तक म्हणजे सोपी करून लिहिलेली अभिजात कादंबरीच असावी, असं माझं ठाम मत आहे. तिला 'पोरांचं पुस्तक' म्हणून बाजूला सारू नका. १९२० च्या दशकात मायकेल वेस्ट ढाक्यात शिक्षण खात्यात होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी मोजक्या, वारंवार लागणाऱ्या शब्दांत वाचनमाला रचली. आजच्या ऑक्सफर्ड बुकवर्म्ससारख्या माला त्याच वाटेवरच्या. त्यात पहिली पातळी ४०० मूळ शब्दांची, दुसरी ७००, तिसरी १००० आणि सहावी २५०० शब्दांची.

तुम्ही काय वाचलंत, कुठे अडलात, काय उपयोगी पडलं, सविस्तर लिहा.

धायरीहून
मी हिशेबनीस आहे. सिंहगड रस्त्यावर बस अडकली की माझं वाचन सुरू. पहिलं पुस्तक 'ड्रॅक्युला', दुसरी पातळी. ताईंनी वर्गात सांगितलं होतं की शब्दकोश घरी ठेवा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि पुढे चला. जोनाथन हार्कर वाड्यात कोंडला गेलाय हे कळल्यावर कुणाला शब्दकोश आठवतो? रेघ मारलेले बरेच शब्द पुढच्या पानांवर आपोआप उलगडले. आणि क्रियापदांची भूतकाळी रूपं, जी शाळेत तक्ता करून घोकली, ती आता ऑफिसचा मेल लिहिताना न आठवता येतात.

खडकीहून
दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो. लहानपणी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचला होता, म्हणून ऐंशी दिवसांतली जगप्रदक्षिणा सोप्या इंग्रजीत घेतली. फॉगसाहेब मुंबईला उतरतात, आगगाडीनं अलाहाबादकडे निघतात, मध्येच रूळ संपतात आणि ते सरळ हत्ती विकत घेतात! हे सगळं आधीच ठाऊक असल्यामुळे माझं लक्ष फक्त इंग्रजी कसं चालतं याकडे राहिलं. माझ्या वयाच्या लोकांना सांगेन, मराठीत वाचलेल्या गोष्टीपासूनच सुरुवात करा.

हडपसरहून
मुलगी सेमी-इंग्रजीत सातवीला आहे. आम्ही पुस्तकासोबतचं ध्वनिमुद्रण लावतो आणि दोघी ओळींवरून बोट फिरवतो. तिचे उच्चार सुधारले, माझेही. बाकी विशेष काही नाही, पण झोपण्याआधी मोबाइलऐवजी हे चालतं.

सदाशिव पेठेतून (अभ्यासिका)
एक सावधगिरीची सूचना. 'संक्षिप्त' आणि 'सोपं' हे एक नव्हे. मी 'रॉबिन्सन क्रूसो'ची स्वस्तातली संक्षिप्त आवृत्ती आणली. त्यात पानं तेवढी कमी केली होती, वाक्यं मात्र मूळचीच, १७१९ ची, अर्धविरामांवर अर्धविराम देत पानभर चालणारी. मूळ कादंबरीला प्रकरणंसुद्धा नाहीत. मागच्या पृष्ठावर पातळी किंवा शब्दसंख्या छापलेली असेल तरच घ्यावं. बुकवर्म्सच्या दुसऱ्या पातळीचा क्रूसो मात्र दोन बैठकींत संपला.

(धागाकर्ती) हे फार महत्त्वाचं आहे. दुकानात उभ्यानंच एक पान वाचून बघा. शंभर शब्दांत दोनच अनोळखी असतील तर गोष्ट अडत नाही, असं या विषयातले अभ्यासक सांगतात. पाच-सहा निघाले तर निःसंकोच एक पातळी खाली या. मोठ्या माणसांना खाली उतरणं जड जातं, पण वाचनाची गोडी तिथेच लागते.

कर्वेनगरहून
माझं मत वेगळं आहे. मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या सोप्या आवृत्तीत कथा आहे, पण मोठा झालेला नायक पिप स्वतःच्या बालपणाकडे ज्या सुरात बघतो तो सूर नाही. डिकन्स म्हणजे तो सूर. सोपं वाचून 'डिकन्स वाचला' असं कुणी म्हणू नये.

(धागाकर्ती) अगदी मान्य. सूर हरवतोच. पण माझ्या वर्गातल्या एकीनं पाचव्या पातळीचा पिप वाचून मग प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर मूळ कादंबरीचं पहिलं प्रकरण उघडलं. दफनभूमीत कैदी पिपला धरतो ते दृश्य तिला आधीच ठाऊक होतं, म्हणून ती वाक्यांपाशी थांबू शकली. सोपी आवृत्ती नसती तर ती त्या पानापर्यंत पोचलीच नसती.

पिंपरीहून
दुसऱ्या पातळीची तीन-चार झाली. शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाणार आहे. तिसरीतलं काय घेऊ?

(धागाकर्ती) 'फ्रँकेन्स्टाइन' घ्या. हे नाव राक्षसाचं नसून त्याला घडवणाऱ्या माणसाचं आहे, हे बऱ्याच जणांना पुस्तक उघडल्यावरच कळतं. मेरी शेलीची ही कादंबरी १८१८ ची, पण तो एकटा पडलेला जीव आजच्या वाचकालाही सोडत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली प्रत चालेल, फक्त आधीच्या मालकानं ओळींवर मराठी अर्थ लिहून ठेवलेली नको.