पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेलाय का कधी? अनुभव लिहा

तापीकाठची: काल शेजारी बोअरची गाडी आली होती. रात्रभर घरघर, सकाळी अंगणात नुसती पांढरी भुकटी. पाणी नाहीच. ती भुकटी झाडताना अहमदाबादची असारव्याची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आठवली. आत्याचे यजमान तिकडे गिरणीत होते, मे महिन्यात आम्ही नवजीवन एक्स्प्रेसनं जायचो. 'चल, तुला गारवा दाखवते' म्हणून आत्या घेऊन गेली. दादा हरीरची वाव. रस्त्यावरून बघाल तर एक ओटा नि वर छत्री, बस. मग पायऱ्या सुरू होतात नि खाली पाच मजले! अर्ध्यात पोचेपर्यंत घाम वाळला. नाव दादा असलं तरी गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याच्या जनानखान्याची कारभारीण बाई हरीर, तिनं १४९९ च्या सुमारास बांधली. भिंतीत एक लेख संस्कृत, एक अरबी. आत्या म्हणे, 'बाईनं बांधली म्हणून तर टेकायला इतक्या जागा.' तळाला पाणी नव्हतं, कबुतरांची घाण मात्र होती. तुम्ही कुठे उतरलात? आपल्या खान्देशातली असो की बाहेरची, लिहा.

केळीबाग: बोअरचं विचारूच नका, आमच्या रावेरकडे तर रडायची पाळी. बरं ते जाऊ द्या. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा कोणी पाहिलाच नाही का? वाव नाही ती, पण पाण्यापाशी उतरायचं तर तिथेच. १६१५ ची, मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळातली. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहराकडे आणलंय, वर शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं, रांगेत. मोट नाही, पंप नाही, नुसता उतार. आम्हाला लिफ्टनं ऐंशीएक फूट खाली सोडलं. खाली नितळ पाणी नि भिंतीला चुन्याचे पांढरे थर. आमच्या सौ.नी लिफ्ट बघितली नि म्हणाल्या, मी वर चपला सांभाळते.

मांडेवाली: चपला सांभाळणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच 😂 आम्ही अहमदाबादजवळच्या अडालजच्या वावेला गेलो होतो. काय कोरीव काम! तीन बाजूंनी पायऱ्या येतात नि खाली एका चौकात मिळतात. पण फोटोवाल्यांनी जीव खाल्ला. गाईड राणी रूडाबाईची कथा रंगवून सांगत होता. नवरा लढाईत गेला, बेगड्यानं मागणी घातली, हिनं आधी वाव पुरी करून मागितली नि पुरी झाल्यावर उडी टाकली. सासूबाई म्हणाल्या, 'काम करून घेतलं नि मग नाही म्हणाली. शहाणी होती.' पुढचे सगळे हसायला लागले.

अनिल धुळे: तठे आता पाणी शे का?

मांडेवाली: शे ना भाऊ, तळाला हिरवं. प्यायचं नाही.

जुना आरोग्यसेवक: सगळे गारव्याचं लिहिताय म्हणून लिहितो. आम्ही नोकरीत पायविहिरी बंद करायला फिरलो आहोत. कारण नारू, पाण्यातून होणारा जंताचा रोग. पायविहिरीत माणूस पाण्यात उभं राहून हंडा भरतो. पायाला फोड असेल तर तो पाण्यात फुटतो, अळ्या सुटतात, त्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटात जातात. तेच पाणी दुसरा पितो नि वर्षाभरानं त्याच्या पायातून हातभर दोरा निघतो. तो ओढायचा नाही, तुटला की पाय सुजलाच. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा. माणूस ऐन पेरणीत खाटेवर. म्हणून पायऱ्या बुजवून कठडा नि रहाट करून घ्यायचो, हंड्यावर दुपदरी फडकं बांधायला सांगायचो. बायका शिव्या घालायच्या, रहाट ओढून हात भरून येतात म्हणून. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, राजस्थानातला. २००० साली भारत नारूमुक्त. सुंदर विहिरी गेल्या, मान्य. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तापीकाठची: काका, हे घरात कोणी बोललंच नाही कधी! आजीच्या घोट्यावर एक वाकडा व्रण होता. आम्ही विचारलं की 'कुत्रं चावलं' म्हणायची.

जुना आरोग्यसेवक: नारूचा असू शकतो. लाज वाटायची लोकांना.

बोरीकाठ: आमच्या अमळनेरकडच्या मळ्यात होती एक. आतल्या कोनाड्यात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, शेंदूर फासलेले सात दगड. आजी काठावरूनच ओरडायची, 'खाले उतरू नको, तठे आसरा शेतस!' दुपारी बारा वाजता तर मोठे गडीही उतरत नसत. नारूची भीती की आसरांची, आता कोणाला विचारणार. रस्ता रुंद झाला तेव्हा विहीर मुरमानं भरली. दगड लिंबाखाली आणून ठेवले, वर हायमास्टचा दिवा. नैवेद्य चालू आहे.

केळीबाग: महाशिवरात्रीला बारवांवर दिवे लावतात हल्ली ठिकठिकाणी. निदान त्या निमित्तानं गाळ तरी निघतो.

नंदुरबारची सून: असारव्याला कधी जावं? सोबत बारका आहे, एका जागी टिकत नाही.

तापीकाठची: सकाळी दहाच्या पुढे, ऊन खालपर्यंत उतरतं तेव्हा. जवळच माता भवानीची वाव आहे, त्याहून जुनी. तळाशी देऊळ, पूजा चालू असते. बारक्याचा हात मात्र सोडू नका.

अनिल धुळे: नवजीवनला जनरलमध्ये जागा मिळते का?

बोरीकाठ: सुरतेपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा. आत्याकडे जाताना भरताची वांगी नेता की नाही?

तापीकाठची: आत्या आता उधन्याला असते. तिथे बामणोदची वांगी आमच्या आधी पोचतात!