मेरिलचा वेल्श हेल

काल्पनिक जगातले ड्वार्फ (बुटके, दाढीवाले लोक) स्कॉटिश हेलात का बोलतात, हा प्रश्न रास्त आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये (२००४) तर ट्रोल्सही जमैकन हेलात बोलतात. पण ड्रॅगन एज ही गेम-मालिका बघा. तिच्या पहिल्या भागात, 'ओरिजिन्स'मध्ये (२००९) ड्वार्फ सरळ अमेरिकन बोलतात आणि रानात भटकणारे, टोकदार कानांचे डेलिश एल्फही. मेरिल त्यातलीच. २०११च्या दुसऱ्या भागात तीच मेरिल भेटते आणि तोंड उघडताच अस्सल वेल्श! आवाज ईव्ह माइल्सचा, ती मूळची वेल्सचीच. खुलासा शून्य. मला आधी वाटलं, ही कुणी दुसरीच बाई.

तरी बदल पटला. डेलिश लोकांची जमीन गेली, भाषाही जवळपास गेली. त्यांच्या तोंडी वेल्श-आयरिश वळण आणि आसपासच्या बहुतेक माणसांच्या तोंडी साहेबी इंग्रजी. कोण मालक, कोण उपरा ते कानालाच कळतं. ओर्ले या गेममधल्या साम्राज्याचे लोक मात्र नुसते नखरेल फ्रेंच, तिथे सरळ आळस केलाय.

(मी कोल्हापूरचा. वेल्श आणि आयरिशमधला फरक यूट्यूबवर तासभर घालवल्यावर कळला, तोही अर्धाच.)