मदत हवी आहे : तापल्यावर ॲम्प्लिफायरचा रिले सुटतो, फीडबॅकचा कपॅसिटर कोणता बसवावा?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्याकडे असेंबल केलेला एक जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. प्रत्येक चॅनेलला २एन३०५५ आणि एमजे२९५५ ही धातूच्या टोपीच्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी, २५-०-२५ चा ट्रान्सफॉर्मर आणि त्यातून मिळणारा अधिक-उणे ३५ व्होल्टचा पुरवठा, असा त्याचा साधा आराखडा आहे. स्पीकर वाचवण्यासाठी रिलेचे (आउटपुटला डीसी दाब आला की स्पीकर तोडणाऱ्या विद्युत स्विचचे) प्रोटेक्शन बसवलेले आहे आणि सध्याची सगळी तक्रार त्या रिलेच्याच तोंडून ऐकू येते.

सुरू केल्यावर आवाज दोन्ही बाजूंनी स्वच्छ येतो. काही वेळाने खट्‌ करून रिले सुटतो, दोन्ही स्पीकर गप्प होतात आणि बंद ठेवून थंड होऊ दिल्यास पुन्हा सर्व सुरळीत चालते. हिवाळ्यात हे उशिरा घडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना मात्र कॅसेटची एक बाजूही पूर्ण ऐकायला मिळत नाही.

पहिला संशय अर्थातच विजेवर गेला, कारण शेतातले पंप सुरू झाले की गावातला दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो. परंतु तेव्हा आतला पुरवठा ३५ वरून २८ व्होल्टच्या आसपास येतो, एवढेच. रिले सुटण्याची वेळ त्यामुळे बदलत नाही. तालुक्याच्या एका मेकॅनिकने डाव्या बाजूची आउटपुट जोडी बदलून दिली, त्यानेही फरक पडला नाही. आता त्यांचे म्हणणे आहे की जुना बोर्ड काढून आयसीचे तयार किट टाकावे. दोष एका बाजूला असताना चांगला चालणारा बोर्ड फेकून देणे मला पटत नाही.

म्हणून स्पीकर काढून, इनपुट ग्राउंडशी जोडून आणि ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून मी स्वतः मोजमाप केले. (तारेचा बल्ब आता गावच्या दुकानात मिळत नाही आणि एलईडी या कामाला चालत नाही. शेवटी गोठ्यातला काढून आणला.) बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, त्यामुळे शॉर्ट नाही हे कळले. ०.३३ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर दोन्ही चॅनेलमध्ये थंड असताना आणि तापल्यावरही ८ मिलिव्होल्टच्या जवळपास दाब मिळतो, म्हणजे सुमारे २४ मिलिअँपिअर. त्यामुळे बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक प्रवाह) घसरत नाही, असे मी धरतो.

डीसी ऑफसेटचे, म्हणजे आवाज नसताना आउटपुटवर राहणाऱ्या डीसी दाबाचे, चित्र मात्र वेगळे आहे. रिलेच्या आधी मोजल्यास उजवीकडे १२ मिलिव्होल्ट स्थिर राहतात. डावीकडे थंड असताना उणे ४० मिलिव्होल्ट दिसतात, ते हळूहळू वाढत उणे ०.७ व्होल्टच्या आसपास पोहोचतात आणि तेथेच रिले सुटतो. फीडबॅकमध्ये (आउटपुटचा अंश इनपुटकडे परत नेणाऱ्या भागात) २२ किलोओहम आणि १ किलोओहम असे रेझिस्टर आहेत, आणि १ किलोओहमच्या खाली ग्राउंडकडे जाणारा ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहे. हा कपॅसिटर ठीक असेल, तर त्या रेझिस्टरमधून डीसी प्रवाह जाता कामा नये. थंड असताना या १ किलोओहमच्या दोन टोकांत मीटर शून्य दाखवतो, पण तापल्यावर सुमारे ३० मिलिव्होल्ट दाखवतो. म्हणजे ३० मायक्रोअँपिअर. हाच प्रवाह २२ किलोओहममधूनही जातो, म्हणून त्याने गुणले की ०.६६ व्होल्ट होतात आणि त्यात मूळचे ४० मिलिव्होल्ट मिळवले की बरोबर ०.७ व्होल्टचा हिशेब लागतो. कपॅसिटर गळतो आहे, याबद्दल त्यामुळे मला फारशी शंका उरलेली नाही. तो हीटसिंकला (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) जवळजवळ चिकटून बसवलेला आहे आणि त्याचे वरचे प्लास्टिकचे वेष्टन आक्रसून कडेला ॲल्युमिनियम उघडे पडले आहे.

जाणकारांनी पुढील बाबतींत कृपया मार्गदर्शन करावे. ऑफसेट उणे असल्याने या कपॅसिटरवर कायम उलटा दाब राहतो. ४० मिलिव्होल्टइतका क्षुल्लक दाब त्याला खराब करू शकतो, की केवळ उष्णतेनेच तो गेला असावा? पहिले कारण खरे असेल, तर बायपोलर (दोन्ही दिशांचा दाब सोसणारा) कपॅसिटर बसवावा लागेल आणि तो येथे मिळत नाही. १०० मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर उणे टोकाला उणे टोक जोडून सिरीजमध्ये लावले, तर ५० मायक्रोफॅरड होतात. कामचलाऊ म्हणून नव्हे, तर कायमचे म्हणून हे चालेल का?

दुसरे असे की इनपुटच्या बीसी५५६ या ट्रान्झिस्टरच्या जोडीमुळे येणारा ४० मिलिव्होल्टचा मूळ ऑफसेट तसाच राहू द्यावा, की मल्टिमीटरवर एचएफई (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा) जुळवून दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच बदलावेत? ते बदलायचे झाल्यास तापमान सारखे राहावे म्हणून दोघांची सपाट अंगे एकमेकांना चिकटवण्याचा या आराखड्यात खरोखर उपयोग होतो का, हेही सांगावे.

यवतमाळच्या दुकानात बहुधा ८५ अंशांचेच कपॅसिटर असतात. १०५ अंशांचे हवे असल्यास अमरावती किंवा नागपूरहून मागवावे लागतील. कपॅसिटर हीटसिंकपासून दूर नेण्यासाठी बोर्डाच्या मागच्या बाजूने लावला, तर ८५ अंशांचा पुरेल का, की वायर लांबल्याने आवाजात खरखर येईल?