मदत हवी आहे: टेनिस खेळणाऱ्या मुलीचं कॉलेज निवडताना कॉन्फरन्सचा विचार किती करावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो. लेक अकरावीत आहे, टेनिस मनापासून खेळते आणि दोन-तीन विद्यापीठांच्या कोचशी बोलणं सुरू झालंय. मी क्रिकेटवर वाढलेलो, त्यामुळे कॉन्फरन्स हा प्रकार मुळापासून समजून घेतोय.

आपसात नियमित सामने खेळणारा, प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकून पैसे वाटून घेणारा विद्यापीठांचा गट म्हणजे कॉन्फरन्स. पश्चिम किनाऱ्यावरचा गट १९१५ साली पोर्टलंडला जन्मला तेव्हा त्यात बर्कली, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगन स्टेट एवढीच चार विद्यापीठं होती. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या प्रकरणानंतर १९५९ मध्ये तो मोडला, पण हीच मंडळी हळूहळू पुन्हा एकत्र आली. १९७८ मध्ये दहा झाली, २०११ मध्ये बारा. तोच पॅक-१२. बहुतेक सामने शेजारपाजारच्या राज्यांत व्हायचे.

बदलाचं मूळ मला १९८४ मध्ये दिसतं. तोवर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ताब्यात होतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली. मग ज्या गटाचं फुटबॉल लोकप्रिय, त्याची झोळी भरत गेली. टेक्ससमधला जुना साउथवेस्ट गट १९९६ मध्ये विस्कटला. जून २०२२ मध्ये पॅक-१२ मधल्या यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी मिडवेस्टकडच्या बिग टेन कॉन्फरन्सची वाट धरली. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पॅक-१२ मधून पाच विद्यापीठं बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर एसीसी या अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेली, तीही सुरुवातीची काही वर्षं टीव्हीच्या पैशातला मोठा वाटा सोडून!

हे सगळं ठरलं फुटबॉलच्या पैशावर, आणि प्रवास मात्र सगळ्याच खेळांच्या मुलांच्या वाट्याला आला. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा, शनिवारी. टेनिसची मुलगी मायामीला खेळून परत येईल ती तीन तासांच्या वेळेचा फरक आणि बुडालेली लॅब घेऊन. तिला बायोलॉजी करायचंय, म्हणून जीव खालीवर होतो.

तुमच्यापैकी कुणाची मुलं या विद्यापीठांत खेळतात का? वर्ग किती बुडतात? आणि तिने होकार दिल्यावर कॉन्फरन्सच पुन्हा बदलली तर काय?

प्रतिसाद १

दादा, माझा मुलगा लॉस एंजेलिसला वॉटर पोलो खेळतो. त्याचं विद्यापीठ बिग टेनमध्ये गेलं, पण बिग टेनमध्ये वॉटर पोलो नाहीच. त्यामुळे तो अजून पश्चिमेकडच्याच एमपीएसएफ या गटात खेळतो. म्हणून विद्यापीठाची कॉन्फरन्स बघून घाबरू नका, त्या खेळाचं वेळापत्रक बघा. महिला टेनिस मात्र बिग टेन आणि एसीसी दोन्हीकडे आहे, तेव्हा तुमची काळजी खरी आहे.

कोचकडून मागच्या मोसमाचं वेळापत्रक घ्या आणि त्यातले कॉलेजचे दिवस मोजा. दौऱ्यावर असताना परीक्षा कोण घेतं, लॅब भरून काढता येते का, हे लेकीलाच विचारू द्या. उत्तर कसं देतात त्यावरून बरंच कळतं. कॉन्फरन्स बदललीच तर २०२४ पासून नियम सैल झालेत. अभ्यासाच्या अटी पाळणारा खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळू शकतो. पण बायोलॉजीचे क्रेडिट तिकडे धरतील का, ते आधी पाहा.

सांता क्लारा, सेंट मेरीज, यूएसएफ (युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को) ही नावं यादीत आहेत का? तिन्ही तुमच्या आसपास, तिन्ही वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. यातलं एकही नाव यादीत नव्हतं. आज रात्री लेकीबरोबर तिन्हींची वेळापत्रकं काढून बसतोय. एक विचारायचं राहिलं: होकार दिल्यावर कोचच सोडून गेला तर कबूल केलेली शिष्यवृत्ती टिकते का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.