मलावीतली पेज, धर्मांतराचा आरोप आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायका

मृण्मयी

'विंध्याद्री' यांनी काल लिहिले की आफ्रिकेच्या खेड्यांत ख्रिस्ती संस्था मुलांना जेवू घालतात आणि शाळेत बसवतात ते निव्वळ धर्मांतरासाठी, आणि असल्या अन्नापेक्षा उपास बरा. ते शेवटचे वाक्य वाचून मला राहवले नाही. ज्याच्यापुढे दोन्ही वेळा ताट येते त्याने दुसऱ्याच्या मुलाने उपाशी राहावे की नाही हे ठरवू नये.

आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी या देशात २००२ च्या दुष्काळात माणसे मेली. पीक बुडाले होतेच, पण सरकारी राखीव साठ्यातला मकाही त्याआधी विकला गेला होता. त्या वर्षी मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो हा स्कॉटिश कॅथलिक गृहस्थ तिथे एका मरणासन्न आईच्या झोपडीत गेला. तुला आयुष्यात काय हवे, असे त्याने तिच्या थोरल्या मुलाला विचारले, तेव्हा पोटभर अन्न आणि शाळा एवढेच त्या मुलाने मागितले. त्यातून 'मेरीज मील्स' हे काम उभे राहिले. सुमारे २०० मुलांपासून सुरुवात झाली आणि आज एकट्या मलावीत दहा लाखांहून अधिक मुलांना शाळेच्या दिवशी मका-सोयाची, जीवनसत्त्वे मिसळलेली पेज मिळते. एका मुलाचा वर्षाचा खर्च २० पौंडांच्या आसपास येतो. ही पेज शाळेतच वाढली जाते, हे यातले सर्वांत महत्त्वाचे. मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली तेव्हा पट १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेला, पण पुष्कळ मुले पुढच्या इयत्तांपर्यंत टिकली नाहीत. फी माफ झाली म्हणून डिसेंबर ते मार्च या टंचाईच्या महिन्यांत कोणाच्या घरी मका येत नाही. ही पेज वाढताना मुलाचा धर्म विचारला जात नाही. यात नेमका आक्षेप कशाला आहे, ते सांगावे.

विंध्याद्री

आक्षेप सांगतो. कार्यक्रमाच्या नावातच येशूची आई आहे, आणि रोज त्या नावाने पोट भरणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या मनावर काय कोरले जाते, हे समजायला कोणी धर्म विचारण्याची गरज नसते. मलावीत हे आजचे नाही. लिव्हिंग्स्टोनिया हे स्कॉटिश मिशन १८७५ मध्ये तिथे पोचले आणि शाळा व चर्च बरोबरीने वाढले. देशाच्या मोठ्या व्यापारी शहराला, ब्लांटायरला, डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाचे नाव आहे. आपल्याकडेही 'कम्पॅशन इंटरनॅशनल' ही अमेरिकी ख्रिस्ती संस्था परदेशी देणगीदारांना गरीब मुलांचे आर्थिक पालकत्व देत असे, ते स्थानिक चर्चच्या मार्फतच. २०१६ मध्ये आपल्या सरकारने त्यांच्या परदेशी निधीला पूर्वपरवानगीची अट घातली आणि २०१७ मध्ये त्यांनी भारतातले काम गुंडाळले. कोणत्याही चर्चच्या शिक्क्याविना खिचडी देता येते, हे आपल्या शाळांनी दाखवून दिले आहे. मग आफ्रिकेतल्या मुलाला तो शिक्का का?

मृण्मयी

'कम्पॅशन'चे नाव आपणच काढले, म्हणून सांगते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युगांडा आणि केनियासह सहा देशांतली त्यांची मुले मोठी झाल्यावर तपासली गेली. पालकत्व मिळालेली मुले सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली होती. त्या सहांत भारतही होता. ते वर्ष-दीड वर्ष तुमच्या संशयापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. खिचडीचे म्हणाल, तर २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे शिजवलेले अन्न बहुतेक राज्यांत पोचले. मलावीच्या सरकारकडे आपल्याइतका पैसा नाही, आणि ते सक्षम होईपर्यंत मुलांनी वाट पाहावी असे म्हणणे निर्दयपणाचे आहे.

ब्लांटायरचा पाहुणा

मी नोकरीनिमित्त काही वर्षे मलावीत होतो, म्हणून जे पाहिले ते लिहितो. बहुसंख्य लोक तिथे आधीच ख्रिस्ती आहेत, त्यामुळे पेज देऊन कोणाला बाटवायचे हा प्रश्नच बराचसा निराधार ठरतो. मलावी सरोवराच्या दक्षिणेला मँगोचीकडे याओ मुसलमानांची गावे आहेत. तिथल्या एका शाळेत मी गेलो होतो. डोक्यावर रुमाल बांधलेल्या मुली आपापला मग घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि पेज ढवळणारी बाई त्यांच्यापैकीच एकीची आजी होती. उजाडण्यापूर्वीच या बायका सरपण आणि पाणी घेऊन येतात आणि चूल पेटवतात. एक पैसाही न घेता सारे गाव हे काम पाळीपाळीने करते. मला तर त्या कामाचा कणा तोच वाटला.

रेवती_मिरज

धर्माचा वाद तुम्ही चालू ठेवा, पण 'एक पैसाही न घेता' हे ज्या कौतुकाने लिहिले गेले आहे ते मला सहन होत नाही. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. केंद्राने २००९ मध्ये स्वयंपाकी-मदतनिसांचे मानधन दरमहा १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने, आणि आईच्या हातात तेवढेसुद्धा वेळेवर पडले नाही. धुरामुळे तिचे डोळे गेले म्हणावे इतके बिघडले. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात काय शिजवायचे, हे तिला कोणी विचारले नाही. शाळेच्या समारंभात मात्र तिला सेवाभावी माता म्हणून नारळ मिळायचा. स्कॉटलंडच्या कार्यालयात हिशेब ठेवणाऱ्याला पगार, धान्य वाहणाऱ्या ट्रकच्या चालकाला पगार, आणि चुलीपाशी बसणारी तेवढी स्वयंसेविका! एका मुलाचा खर्च २० पौंडांत भागतो तो या बाईच्या पहाटेच्या जिवावर भागतो, हे मृण्मयी यांनी लिहायला हवे होते.

मृण्मयी

रेवती, आपल्या आईबद्दल मला आदर आहे, पण विषय भरकटतो आहे. त्या बायका नोकरीला नाहीत, त्यांचीच मुले ती पेज पितात. लाखो मुलांमागच्या प्रत्येक स्वयंपाकिणीला वेतन द्यायचे ठरवले तर त्याच देणगीत कमी मुलांना जेवण मिळेल. कोणत्या शाळेतली पेज बंद करायची, हे आपण सांगणार आहात का?

रेवती_मिरज

विषय भरकटलेला नाही, तो चुलीपर्यंत पोचला आहे आणि तिथेच तुम्हाला तो नकोसा झाला. मुलांचे पोट पुढे करून बाईची मजुरी बुडवणे हा युक्तिवाद आमच्या मोर्चांनी पुष्कळदा ऐकला आहे. आणि मलावीत फुकट राबण्याचा इतिहास साधा नाही. गोऱ्यांच्या मळ्यांवर राहणाऱ्या कुळांना जमिनीच्या भाड्यापोटी श्रम द्यावे लागत. त्या थंगाटा पद्धतीविरुद्ध १९१५ मध्ये जॉन चिलेंब्वेने उठाव केला, आणि विंध्याद्री यांनी हेही वाचावे की तो स्वतः बॅप्टिस्ट पाद्री होता व शाळा चालवत होता. मिशनच्या शाळेतून निघालेला माणूस नेहमी गोऱ्यांचा ताबेदारच होतो, असे नाही.

विंध्याद्री

चिलेंब्वेचे उदाहरण मला अडचणीचे आहे, एवढे मान्य करतो. नावाबद्दलचा आक्षेप कायम आहे. मात्र संस्था परदेशी असो वा देशी, तिच्या चुलीपाशी बाई फुकट राबणार असेल तर मी रेवतीताईंच्या बाजूने आहे. या धाग्यावर मी कोणाच्या बाजूने उभा राहीन असे मला वाटले नव्हते.

ब्लांटायरचा पाहुणा

थंगाटाशी तुलना मला अन्यायाची वाटते, रेवतीताई. मळ्यावर नकार देणाऱ्या कुळाची झोपडी जात असे, इथे पाळी चुकवणाऱ्या बाईच्या मुलाची पेज बंद होत नाही. दुसरे म्हणजे, मानधन सुरू झाले की ती जागा गावच्या मुखियाच्या नात्यातल्या बाईला मिळेल आणि बाकीच्या आया चुलीपासून दूर होतील, ही भीती मी तिथे बायकांच्याच तोंडून ऐकली आहे. लावणीच्या दिवसांत पहाट जड जाते, हेही त्याच सांगत. त्या दिवसांत शेतावर मजुरीला गेले तर घरात मका येतो, आणि तो सोडून त्या चुलीपाशी येतात, हे तुमच्या बाजूचे आहे, मी नाकारत नाही.

रेवती_मिरज

मग निदान त्या महिन्यांचा मका तरी द्या. लावणीच्या दिवसांत पाळीला येणाऱ्या बाईने घरी जाताना धान्य न्यावे आणि देणगीदाराला सांगताना तो खर्च मुलाच्या २० पौंडांत धरावा. मुखियाच्या नातलगाची भीती खरी असेल तर पाळीची यादी शाळेच्या भिंतीवर लावा. आमच्याकडे मानधनाचा हिशेब भिंतीवर लागला तेव्हाच कापलेले पैसे मिळाले होते. पेज बंद करा असे मी एकदाही म्हटलेले नाही, मृण्मयी, तेवढे माझ्या नावावर लिहू नका.